हसू कुणाचं, किंमत कुणाची

पांढऱ्या भिंतींचं एक रिकामं, भलंमोठं दालन. पलीकडच्या टोकाला लहानसं काळोखं दार. कॅमेरा उंचावर, बराच लांब. खाली माणसांचे दोन घोळके त्या दाराच्या दिशेने निघालेत. पुढच्या घोळक्यात देहान्ताची शिक्षा झालेला कैदी आहे आणि मागच्या घोळक्यात त्याला मारण्यासाठी सरकारने नेमलेला जल्लाद. कैदी चालतो आहे. जल्लादाच्या पायांतलं त्राण मात्र गेलं आहे. त्याला दोन्ही बाजूंनी धरून अक्षरशः फरफटत न्यावं लागतं. त्याची टोपी खाली पडते.

स्पॅनिश दिग्दर्शक लुईस गार्सिया बेर्लांगाच्या ‘एल व्हर्दुगो’ (जल्लाद) या १९६३ सालच्या चित्रपटातला हा प्रसंग. त्याचा नायक होसे लुईस हा अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या एका संस्थेत साधा नोकर. तो एका म्हाताऱ्या जल्लादाच्या मुलीशी लग्न करतो. सासरा निवृत्तीला आलेला. सरकारी वसाहतीत नवं घर मंजूर झालंय, पण ते टिकवायचं तर जल्लादाची नोकरी घरातच राहायला हवी. म्हणून जावई अर्जावर सही करतो. प्रत्यक्ष कुणाला मारायची वेळ येणारच नाही, शिक्षा माफ होतात, पगार मात्र चालू राहतो, असं सासरा त्याला समजावत राहतो. मग एके दिवशी माय्योर्का बेटावरून बोलावणं येतं. सगळं कुटुंब सहलीला निघाल्यासारखं तिकडे जातं. बायकोबरोबर तो गुहेतल्या भूमिगत तळ्यावर पर्यटकांसाठीचा संगीताचा कार्यक्रम ऐकत बसलेला असतो, तेव्हा अंधारातून पोलिसांची होडी येते आणि कर्ण्यातून त्याच्या नावाचा पुकारा होतो.

चित्रपट बनला तेव्हा स्पेनवर फ्रँकोची हुकूमत होती. तिथे लोखंडी पट्ट्याने गळा आवळून देहान्त शासन दिलं जाई. ती पद्धत १९७४ सालापर्यंत वापरात होती. व्हेनिसच्या महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला तेव्हा स्पेनच्या इटलीतल्या राजदूताने त्यावर जोरदार आक्षेप घेतला. आक्षेप घेणाऱ्याला चित्रपट नीट कळला होता, असंच म्हणावं लागेल. बेर्लांगाने एकही भाषण दिलेलं नाही. त्याने एवढंच दाखवलं, की राज्यसंस्थेला माणूस मारायचा असेल तर तिला क्रूर माणसं शोधावी लागत नाहीत. घराची गरज असलेला एक पापभीरू माणूस तिला पुरतो. डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून माणूस कशाकशावर सही करतो, हे मुंबई-पुण्यातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

जल्लादाला फरफटत नेतात तो प्रसंग पाहताना प्रेक्षक हसतो. त्याच वेळी त्याच्या पोटात खड्डा पडतो. या दोन्ही गोष्टी एकत्र का घडतात, याचा शोध म्हणजे हे पुस्तक. चित्रपटांच्या याद्या करताना आपण ड्रामा एका कप्प्यात आणि कॉमेडी दुसऱ्या कप्प्यात ठेवतो. डार्क कॉमेडीला बहुधा दुसऱ्या कप्प्याचा एखादा कोपरा मिळतो. मला ही वाटणी मान्य नाही. माझ्या मते चांगली डार्क कॉमेडी हा हाडाचा ड्रामाच असतो आणि उत्तम ड्रामाच्या पोटात हसू असतंच. दोघांची कसोटीही एकच आहे: हसू कुणाला येतंय आणि त्याची किंमत कोण मोजतंय? पुढच्या सगळ्या लेखांमध्ये मी हेच दोन प्रश्न घेऊन चित्रपटांपुढे उभा राहिलो आहे.

पहिल्या भागात युरोप-अमेरिकेतले चित्रपट आहेत, दुसऱ्यात जपानी आणि बंगाली, तिसऱ्यात हिंदी आणि चौथ्यात मराठी. ही निवड एका चित्रपटप्रेमीची आहे. इतिहास लिहिण्याचा किंवा सर्वोत्तमांची यादी देण्याचा हेतू यात नाही. तरीही लेख सुटे सुटे वाटू नयेत म्हणून त्यांच्यामागचा विचार इथे सविस्तर मांडतो आहे.

सुरुवात एका विलक्षण योगायोगापासून करतो. साठच्या दशकाच्या आरंभी तीन वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन चित्रपटांची जन्मकथा जवळजवळ एकच आहे. पिएत्रो जेर्मीचा ‘डिव्होर्स इटालियन स्टाइल’ (१९६१) आणि स्टॅन्ली कुब्रिकचा ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ (१९६४). दोन्ही आधी गंभीर चित्रपट म्हणून लिहायला घेतले होते आणि लिहिता लिहिता दोन्ही विनोदाकडे वळले.

जेर्मीपुढे विषय होता इटलीच्या दंडसंहितेतलं ५८७ वं कलम. बायको, मुलगी किंवा बहीण परपुरुषाबरोबर सापडली आणि रागाच्या भरात, घराण्याच्या अब्रूसाठी तिचा खून झाला, तर शिक्षा फक्त तीन ते सात वर्षांची. त्या काळी इटलीत घटस्फोटाचा कायदाच नव्हता. म्हणजे बायकोपासून सुटका हवी असेल तर घटस्फोटापेक्षा खून सोपा! मार्चेल्लो मास्त्रोयान्नीने रंगवलेला सिसिलीतला सरंजामदार हाच हिशेब मांडतो. बायकोला मारायचं तर आधी तिचं कुणावर तरी मन बसायला हवं, म्हणून तो स्वतःच तिच्यासाठी प्रियकर शोधायला निघतो. पुढे न्यायालयात आपला वकील आपल्या बाजूने कसं भाषण ठोकेल, तेही तो मनातल्या मनात ऐकत असतो. यातला कुठलाही तपशील लेखकाने वाढवून सांगितलेला नाही. हास्यास्पद आहे तो कायदा, आणि तो छापील पुस्तकात होता. इटलीत घटस्फोटाचा कायदा १९७० साली आला. ५८७ वं कलम रद्द व्हायला मात्र १९८१ साल उजाडलं.

कुब्रिकच्या हाती पीटर जॉर्जची ‘रेड अलर्ट’ ही अणुयुद्धाविषयीची कादंबरी होती. ती पूर्ण गंभीर आहे. पटकथा लिहिताना त्याच्या लक्षात आलं, की प्रसंग हास्यास्पद होऊ नयेत म्हणून आपण खऱ्याखुऱ्या वाटणाऱ्या गोष्टीच गाळतो आहोत. मग त्याने गाळणं थांबवलं. या चित्रपटातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग युद्धकक्षातला नाही. तो एका टेलिफोन बूथमधला आहे. अणुबॉम्ब घेऊन निघालेली विमानं परत बोलावण्याची सांकेतिक अक्षरं ग्रुप कॅप्टन मँड्रेकला उमगली आहेत. ती राष्ट्राध्यक्षांना कळवली तर जग वाचेल. पण त्याच्याकडे फोनसाठी पुरेशी सुटी नाणी नाहीत. तो शेजारच्या सैनिकी अधिकाऱ्याला सांगतो, त्या कोकाकोलाच्या यंत्रावर गोळी झाड, आत नाणी असतील. अधिकारी बिचकतो. ती खासगी मालमत्ता आहे! माणसं मारायला आलेला हा सैनिक यंत्र फोडायला कचरतो. पृथ्वीचं भवितव्य काही नाण्यांवर येऊन ठेपतं आणि तरीही प्रत्येक जण आपापल्या नियमाला धरूनच वागत असतो. अणुयुद्ध वेड्यांमुळे होईल अशी आपली समजूत असते. कुब्रिक सांगतो, ते नियम पाळणाऱ्यांच्या हातूनही होऊ शकतं.

या दोन उदाहरणांवरून माझं पहिलं मत असं बनलं आहे: डार्क कॉमेडी सत्याला फोडणी देऊन तयार होत नाही. सत्य सौम्य करायचं लेखकाने नाकारलं, की ती आपोआप उभी राहते.

दुसरं मत अभिनयाविषयी आहे. अशा चित्रपटांत आपण विनोदी आहोत याची खबर एकाही पात्राला असता कामा नये. कुंदन शहा यांचा ‘जाने भी दो यारों’ (१९८३) याचा वस्तुपाठ आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या या दिग्दर्शकाने एनएफडीसीच्या जेमतेम सात लाखांच्या आसपासच्या पैशात तो बनवला. दोन होतकरू छायाचित्रकार, दोन बिल्डर, एक महापालिका आयुक्त, एक संपादिका, एक उड्डाणपूल आणि एक प्रेत. आयुक्त डिमेलोचं प्रेत शवपेटीसकट रस्त्यावर येतं आणि दारूच्या नशेत असलेला बिल्डर आहुजा तिथे पोचतो. ओम पुरी यांचा हा प्रसंग अभिनय शिकणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा पाहावा. आहुजाला वाटतं, समोर बंद पडलेली मोटार आहे आणि आत बसलेला माणूस अडचणीत आहे. तो त्याची विचारपूस करतो, मदत करायची तयारी दाखवतो, उत्तर मिळत नाही म्हणून जरा दुखावतोसुद्धा. ओम पुरी एकदाही प्रेक्षकांकडे मिश्कीलपणे पाहत नाहीत. आहुजाची आपुलकी शंभर टक्के खरी आहे. पैशासाठी शहर विकणारा माणूस नशेत एका प्रेताशी जितक्या माणुसकीने वागतो, तितका तो शुद्धीवर असताना कुणाशीच वागत नाही. हसू संपल्यावर ही गोष्ट मनात रुतून बसते.

भक्ती बर्वे यांच्याविषयी इथे आवर्जून लिहायला हवं. ‘ती फुलराणी’च्या भक्तीताई मराठी प्रेक्षकाच्या घरातल्या. त्यांनी इथे शोभा सेन ही संपादिका उभी केली आहे. भ्रष्टाचार उघडकीला आणू पाहणारी ही बाई प्रत्यक्षात त्या माहितीचा सौदा करते. दुसऱ्या एखाद्या अभिनेत्रीने ती खलनायिका करून टाकली असती. भक्तीताईंची शोभा शेवटपर्यंत कामसू, चटपटीत, व्यवहारी वाटते. तिच्या लेखी हा रोजचा धंदा आहे. महाभारताच्या प्रयोगात द्रौपदीच्या साडीत गुंडाळलेल्या प्रेतावरून जो गोंधळ उडतो तो सगळ्यांना पाठ आहे. शेवटाविषयी मात्र आपण कमी बोलतो. पूल कोसळल्याचं खापर त्या दोन प्रामाणिक पोरांवर फुटतं आणि ती कैद्यांच्या वेशात मुंबईच्या रस्त्यावरून चालत येतात. दोन तास आपल्याला हसवणाऱ्या विनोदाची सगळी किंमत या दोघांनी मोजलेली असते. माझ्या दोन प्रश्नांचं इतकं स्वच्छ उत्तर हिंदी चित्रपटाने क्वचितच दिलं आहे.

आपण विनोदी आहोत याची खबर नसलेल्या पात्रांचा हा धागा पुढे श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’मध्ये (२०१८) सापडतो. पुण्यात घडणाऱ्या या कथेत आंधळेपणाचं सोंग घेतलेला पियानोवादक एका घरात वाजवायला जातो आणि त्याच्या डोळ्यांदेखत प्रेताची विल्हेवाट लावली जाते. त्याला दिसत नाही असं समजून ती विल्हेवाट लावणारी दोघं हातवारे करत, आवाज न करता फरशी पुसतात. त्याला दिसतंय हे लपवण्यासाठी तो वाजवत राहतो. संगीत थांबलं तर जीव जाईल. दहशत आणि हसू यांच्यातलं अंतर इथे एका सुराएवढं उरतं.

आता ड्रामाकडे वळतो, कारण माझा खरा वाद तिथे आहे. गंभीर चित्रपट म्हणजे ज्यात कुणी हसत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. दुःख म्हटलं की पाऊस, खिडकी आणि व्हायोलिन. असे चित्रपट मला अप्रामाणिक वाटतात. ज्या घरात खरोखर मृत्यू झाला आहे, त्या घरात दहाव्याच्या स्वयंपाकावरून, गाड्यांवरून, कोण कुठे झोपणार यावरून किती बारीकसारीक, हास्यास्पद गोष्टी घडतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. दुःख त्याने कमी होत नाही, उलट खरं वाटतं.

अकिरा कुरोसावाचा ‘इकिरू’ (१९५२) म्हणूनच मला सर्व ड्रामांमध्ये अग्रस्थानी वाटतो. पोटाचा कर्करोग झालेला वातानाबे हा कचेरीतला म्हातारा विभागप्रमुख मरण्याआधी एक तरी काम करून जायचं ठरवतो. ही एवढी ओळ वाचून डोळ्यांसमोर अश्रुपट येतो. कुरोसावा मात्र सुरुवातीलाच आपल्याला कचेऱ्यांच्या वारीवर नेतो. वस्तीतल्या बायका सांडपाण्याचं डबकं बुजवून बाग करा म्हणून अर्ज घेऊन आल्या आहेत. एक विभाग त्यांना दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा तिसऱ्याकडे, खिडकीमागून खिडकी, टेबलामागून टेबल, आणि शेवटी त्या जिथून निघाल्या तिथेच परत येतात. हे शुद्ध विनोदाचं दृश्य आहे. मग कथेचा बराच भाग शिल्लक असताना नायक मरतो. उरलेला चित्रपट त्याच्या श्राद्धाच्या बैठकीत घडतो. साहेब लोक बागेचं श्रेय घेऊन निघून जातात. कारकून पितात, रडतात, आपणही आता वातानाब्यांसारखंच काम करू अशा शपथा घेतात. दुसऱ्या दिवशी कचेरीत पुन्हा तोच अर्ज, तेच उत्तर. एक कारकून ताडकन उठून उभा राहतो, सगळे त्याच्याकडे पाहतात, आणि तो हळूहळू खाली बसतो. कागदांच्या ढिगामागे त्याचा चेहरा दिसेनासा होतो. यात हसण्यासारखं आहे आणि सहन न होण्यासारखंही आहे. वातानाब्याचा मृत्यू मला जितका लागला नाही, तितकं त्या कारकुनाचं खाली बसणं लागलं.

सत्यजित राय यांचा ‘जन अरण्य’ (१९७६) या वाटेवर आणखी पुढे जातो. पदवी परीक्षेत पर्यवेक्षकांच्या देखत सर्रास कॉपी चालू आहे. त्यात प्रामाणिकपणे पेपर लिहिणारा सोमनाथ बारीक अक्षरापायी चांगल्या गुणांना मुकतो. नोकरी मिळत नाही. एके दिवशी केळ्याच्या सालावरून पाय घसरून पडतो आणि तिथे भेटलेल्या ओळखीच्या माणसाचं ऐकून दलालीच्या धंद्यात शिरतो. केळ्याचं साल म्हणजे विनोदपटांचं सर्वांत जुनं भांडवल. राय यांनी ते एका तरुणाच्या अधःपाताचं निमित्त केलं. पुढे नटवर मित्तिर हा जनसंपर्कवाला येतो. ही भूमिका बंगालीतले लाडके विनोदी नट रवी घोष यांना दिलेली आहे. मोठी ऑर्डर हवी तर साहेबांना खूश करायला मुलगी न्यावी लागेल, हे नटवर इतक्या सहज, इतक्या हसतमुखाने सांगतो की आपणही त्याच्याबरोबर टॅक्सीत बसून कोलकात्यातले एकेक पत्ते पालथे घालू लागतो. शेवटी मिळते ती मुलगी सोमनाथच्या मित्राची बहीण निघते. ऑर्डर मिळाल्याचं तो घरी सांगतो आणि म्हातारे वडील सुटकेचा निःश्वास टाकतात. नटवरच्या गप्पांना आपण हसलो होतो. त्याची किंमत त्या मुलीने मोजली.

मराठी माणसाला असला काळा विनोद रुचत नाही, त्याला निखळ विनोद लागतो, हे विधान मी अनेकदा ऐकलं आहे. ते मला साफ नामंजूर आहे. सतीश आळेकर यांचं ‘महानिर्वाण’ हे नाटक १९७४ साली रंगभूमीवर आलं. त्यातले भाऊराव मरतात आणि उठून आपल्याच मरणाचं कीर्तन लावतात. चाळ, नातेवाईक, बायको, मुलगा, तिरडी, जुनं स्मशान बंद होणार म्हणून होणारी ओढाताण, सारं काही कीर्तनाच्या रंगात. आपल्याच देवळातला, आपल्याच आजोबांच्या तोंडचा प्रकार घेऊन आळेकरांनी मृत्यूच्या कर्मकांडाला हात घातला. हा विनोद कुठल्याही परदेशी वळणाचा नव्हता. तो सदाशिव पेठेतून आला होता आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला.

चित्रपटातही ही परंपरा आहे. जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’ची (१९७९) पटकथा विजय तेंडुलकरांची, मुळातल्या कादंबऱ्या अरुण साधूंच्या. मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीसाठी चाललेल्या डावपेचांचा साक्षीदार आहे पत्रकार दिगू टिपणीस. निळू फुले यांनी हा दिगू बराच काळ शांत, निरीक्षण करणारा ठेवला आहे. खलनायकी बेरकीपणासाठी ज्या नटाला महाराष्ट्र ओळखत होता, त्याच्या वाट्याला इथे फक्त पाहणं आलं आहे. सगळा खेळ संपतो, सगळे पुन्हा एकाच ताटात जेवायला बसतात आणि दिगू रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. मराठी पडद्यावरचं हे सर्वांत भयंकर हसणं आहे, असं मी मानतो. लोकशाहीत सामान्य माणसाला उरलेली प्रतिक्रिया म्हणून ते येतं. उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’मध्ये (२०११) केश्याला झालेल्या दत्ताच्या साक्षात्काराचं बघता बघता जे गावव्यापी अर्थकारण होतं, त्यातही ‘सिंहासन’ची हीच नजर आहे. फरक एवढाच की तिथे बाजार सत्तेचा होता, इथे श्रद्धेचा आहे.

चौथ्या भागातले सर्वांत मोठे दोन लेख ‘कोर्ट’ आणि ‘फँड्री’वर आहेत. ती जागा त्यांना का दिली, हे सांगणं भाग आहे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) नारायण कांबळे या लोकशाहीरावर आरोप आहे, की त्यांच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. वीरा साथीदार यांनी हे शाहीर साकारले. आरोपच इतका विपरीत आहे की सुरुवातीला हसू फुटतं. पण न्यायालयात कुणालाच तो विपरीत वाटत नाही. सरकारी वकील बाई जुन्या कायद्यांचे उतारे एका सुरात वाचत राहतात. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईचं प्रकरण न्यायाधीश सुनावणीलाच घेत नाहीत. गीतांजली कुलकर्णी यांनी केलेल्या वकील बाईंना ताम्हाणे संध्याकाळी लोकलने घरी सोडतात. त्या मैत्रिणीशी घरगुती गप्पा मारतात, मुलाला आणतात, स्वयंपाक करतात. आपल्या ओळखीची बाई आहे ती. मग मृत कामगाराची बायको साक्षीला येते. नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकून पाहायचा, झुरळ बाहेर आलं की आत हवा आहे असं समजायचा, असं ती सांगते. आवाज चढत नाही, रडणं नाही. या एका साक्षीने खटल्यातला सगळा विनोद जागच्या जागी गोठतो. सुरक्षेची साधनं म्हणून त्या माणसाकडे फक्त एक खडा आणि एक झुरळ होतं, आणि न्यायालय तासन्‌तास चर्चा करतंय गाण्याची. ताम्हाणे यांचा कॅमेरा लांब, स्थिर उभा राहतो. कुणाचा चेहरा जवळ आणून तो आपल्याला काय वाटायला हवं ते सांगत नाही. न्यायालयाचे दिवे मालवले गेल्यावरही चित्रपट संपत नाही. उन्हाळी सुट्टीत न्यायाधीश सहलीला जातात, आणि बोलता न येणाऱ्या मुलासाठी त्याच्या वडिलांना नाव बदलण्याचा आणि अंगठी घालण्याचा सल्ला देतात. कांबळेंचं स्वातंत्र्य याच विवेकाच्या हाती आहे.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) कुणी डार्क कॉमेडी म्हणणार नाही. तरी तो या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे, कारण हसणं हाच त्याचा विषय आहे. गावची जत्रा तोंडावर आली म्हणून कैकाडी कुटुंबाला डुकरं पकडायला लावलं जातं, तेही शाळेच्या आवारालगत, जब्याच्या वर्गातल्या पोरांसमोर, त्याला आवडणाऱ्या शालूसमोर. गाव जमतं. क्रिकेटच्या सामन्यासारखी कॉमेंट्री चालते, मोबाइलवर फोटो निघतात. डुक्कर हाती लागणार इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. किशोर कदम यांनी केलेला बाप, कचरू, तोही थांबतो. डुक्कर निसटतं. प्रेक्षागृहात इथे हशा पिकतो. आपल्याकडे तर चित्रपटाआधी राष्ट्रगीताला आपण सगळे नुकतेच उभे राहिलेलो असतो. मंजुळे यांनी आपल्याला गावकऱ्यांच्या रांगेत अलगद आणून उभं केलेलं असतं. काही वेळाने काठीला बांधलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते कुटुंब शाळेच्या भिंतीजवळून जातं. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज यांची चित्रं आहेत. आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे हसणाऱ्या आपल्या प्रत्येकावर, येतो. हसू कुणाचं आणि किंमत कुणाची, हा हिशेब इतक्या उघडपणे मांडणारा दुसरा मराठी चित्रपट मला माहीत नाही.

इतकं लिहिल्यावर मला काय आवडत नाही तेही सांगायला हवं. केवळ प्रेक्षकाला दचकवण्यासाठी माणसं मारणारा, रक्ताच्या चिळकांड्यांवर टाळ्या मागणारा विनोद मला नको. त्यात मरणाऱ्याला नाव नसतं, घर नसतं. कोएन बंधूंचा ‘फार्गो’ (१९९६) याच कारणासाठी मला थोर वाटतो. त्यात हिंसा कमी नाही, लाकूड कापायच्या यंत्राचा तो कुप्रसिद्ध प्रसंगही आहे. पण फ्रान्सिस मॅकडॉर्मंडने उभी केलेली मार्ज ही गरोदर पोलीस अधिकारी त्या सगळ्या मूर्खपणातून शांतपणे चालत जाते आणि शेवटी पकडलेल्या खुन्याला मनापासून विचारते, की थोड्याशा पैशासाठी एवढं सगळं केलंस? तिला ते खरंच कळत नसतं. मेलेल्या प्रत्येक माणसाचा हिशेब ठेवणारं एक तरी माणूस चित्रपटात असावं लागतं. पात्रांमध्ये ते नसेल तर दिग्दर्शकाने ते व्हावं लागतं. बेर्लांगा, कुब्रिक, ताम्हाणे हे तसे दिग्दर्शक आहेत.

लेख कोणत्याही क्रमाने वाचले तरी चालतील. चित्रपट मात्र आधी पाहावा, कारण मी शेवट लपवलेले नाहीत. शक्य असेल तर चार माणसांबरोबर पाहावा. फिल्म सोसायट्यांच्या छोट्या खोल्यांत, प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी दशकानुदशकं टिकवून धरलेल्या खेळांना, मी पाहायला शिकलो. तिथे कुठल्या वाक्याला कोण हसतं आणि कोण गप्प राहतं हे कळतं, आणि या प्रकारच्या चित्रपटांत ते कळणं हा समजुतीचा अर्धा भाग आहे. त्या खोल्यांमध्ये खुर्च्या मांडणाऱ्या, रिळं आणणाऱ्या, चित्रपट संपल्यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा करणाऱ्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

माझी मतं वाचकाला मान्य व्हावीत असा आग्रह नाही. पण ‘हा चित्रपट हसवतो की रडवतो?’ या प्रश्नाऐवजी ‘याला आपल्या माणसांची काळजी आहे का?’ हा प्रश्न त्याने विचारावा, एवढी माझी मागणी आहे. ज्या चित्रपटाला ती काळजी आहे त्याने मला हसवावं की रडवावं, ही निवड मी खुशाल त्याच्यावर सोपवतो. काळजीच नसेल, तर त्याचं हसूही नको आणि अश्रूही.